ऋतूस व प्रसंगास साजेसा कोट

पत्र अकरा ओळींचं होतं. पहिल्या दहा ओळींत हेमंत गुरुजींचं कौतुक होतं, आणि शहाण्या माणसाने तिथेच वाचणं थांबवलं असतं. पण गुरुजी पडले शिक्षक. हातात आलेला कागद जावक क्रमांकापासून सहीशिक्क्यापर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही त्यांची वीस वर्षांची सवय. अकराव्या ओळीत ठाण्याच्या उत्तर कोकण शिक्षक गौरव समितीने कळवलं होतं, 'सत्कारमूर्तींनी ऋतूस व प्रसंगास साजेशा औपचारिक पोशाखात उपस्थित राहावे.'

"म्हणजे कोट," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे इस्त्रीचा शर्ट," रोहिणी म्हणाली.

"शर्ट तर रोजच असतो अंगावर. समितीला शर्टच हवा असता तर तिने एक अख्खी ओळ कशाला खर्च केली असती?"

रोहिणीने भिंतीकडे पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. कोटाचा विषय निघाला की त्या घरात सगळे भिंतीकडेच पाहत.

भिंतीवर दोघांच्या लग्नाचा फोटो होता. चौदा वर्षांपूर्वीचा. फोटोत गुरुजींच्या अंगावर काळा कोट होता आणि तो गुरुजींचा नव्हता. जव्हारला अफजलच्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक कोट कायमचा टांगलेला असे. फोटो काढायला येईल त्याने तो चढवायचा, फोटो निघाला की परत खुंटीला. लग्न असेल तर एक दिवसासाठी घरी न्यायचीही मुभा होती. त्या कोटाच्या डाव्या बाहीवर तीन बटणं होती. त्यांतलं मधलं कधीकाळी तुटलं, आणि त्या जागी कुतुबुद्दीन टेलरने बँडवाल्याच्या डगल्यावरचं पितळी बटण लावून दिलं, कारण त्या दिवशी डब्यात तेवढंच होतं. फ्लॅश पडला की ते असं काही लखलखायचं की फोटोत आधी बटण दिसायचं आणि मग नवरदेव.

परिणाम असा की जव्हारपासून मोखाड्यापर्यंत निम्म्या घरांच्या भिंतींवर हे बटण चमकत होतं. गुरुजींकडे कुणीही पाहुणा आला की पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत ओरडायचा, "अरे, हा तर आमच्या लग्नातला कोट!" मग कोटाच्या आठवणी निघायच्या. बाही कुणाला लांब झाली, कुणाचं पोट मावलं नाही, कुणी खिशात विडा विसरला. फोटोत शेजारी रोहिणी उभी आहे, पैठणी नेसली आहे, सुरेख दिसते आहे, याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी चहा पिता पिता बटण ओळखलं. गुरुजींना हे फार लागे. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की या फोटोशेजारी दुसरा एक फोटो लागेल. त्यात कोट स्वतःचा असेल, स्वतःच्या मापाचा असेल, आणि तो पाहून कुणाच्या बापाला स्वतःचं लग्न आठवणार नाही.

सत्कार कशाबद्दल होता तेही सांगायला हवं, नाहीतर गुरुजींना कोटाचंच वेड होतं असा समज व्हायचा. ते जामसरच्या शाळेवर शिकवत. दिवाळी झाली की तिथलं निम्मं गाव वीटभट्टीवर कामाला जाई आणि पोरंही आईबापांबरोबर जात. गुरुजी दोन वर्षं दारोदार हिंडले, हातापाया पडले आणि पोरं गावातच ठेवायला लोकांना राजी केलं. ठेवायची कुठे, हा प्रश्न आला तेव्हा गावातल्या भिकाने आपली पडवी मोकळी करून दिली आणि त्याची बायको कमू एकतीस पोरांच्या भाकऱ्या थापायला बसली. एकतीसच्या एकतीस पोरांनी परीक्षा दिली. समितीच्या पत्रात याला 'अभिनव उपक्रम' म्हटलं होतं. भिकाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "चांगला शब्द हाय. पडवीचं लिवलंय का त्याच्यात?" पडवीचं लिहिलेलं नव्हतं.

तर कोट. सत्कार पाच सप्टेंबरला, दुपारी तीनला, ठाण्याच्या एका सभागृहात. ऋतू पावसाळा. प्रसंग मोठा. गुरुजी शेजारच्या वामनरावांकडे सल्ल्याला गेले असं म्हणता येणार नाही, कारण वामनराव आधीच येऊन बसले होते. वामनराव निवृत्त तलाठी. त्यांनी जन्मात कोट घातला नव्हता, पण दिल्लीला जाऊन सव्वीस जानेवारीची परेड प्रत्यक्ष पाहिली होती आणि तिथे पाहिलेल्या हजारभर कोटांच्या जोरावर ते या विषयातले अधिकारी झाले होते.

"पावसाळ्यात लोकरीच्या वाटेला जायचं नाही," ते म्हणाले. "भिजलं की मेंढीचा वास येतो. टेरिकॉट घ्या. रंग फिका नको, चिखल उडतो. काळा नको, काळा वकिलाचा. बंद गळा पुढाऱ्याचा. बटणांच्या दोन रांगा असतात तो कोट पातळ माणसाचा."

"मी पातळच आहे," गुरुजी म्हणाले.

वामनरावांनी त्यांच्याकडे जमिनीची मोजणी करताना पाहावं तसं एकदा पाहिलं आणि विषय बदलला.

कापड ठरलं, गडद निळं टेरिकॉट. शिवणार कोण हा प्रश्नच नव्हता. कुतुबुद्दीनभाईंचं दुकान जव्हारच्या बाजारपेठेत होतं आणि त्यांची माप घ्यायची तऱ्हा अशी की गिऱ्हाईक उभं राहिलं की ते टेपला हातच लावत नसत. "उभा माणूस खोटं बोलतो, गुरुजी," ते म्हणत. "श्वास आत, पोट आत. मग तो कोट बसल्यावर फाटतो आणि नाव माझं जातं." म्हणून आधी बसवायचं, चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि माणूस रंगात येऊन गोष्ट सांगायला लागला की अलगद मागून टेप फिरवायची. गुरुजी त्या तपासायला आलेल्या साहेबांची नक्कल करून दाखवत होते, तेवढ्यात कुतुबुद्दीनभाईंनी पोटाचं माप वहीत लिहूनसुद्धा टाकलं. गुरुजी स्वतःला जे समजत होते त्याच्यापेक्षा ते तीन इंच जास्त होतं.

"टेप जुनी आहे वाटतं," गुरुजी म्हणाले.

"टेप जुनी झाली की ताणते, गुरुजी. मग माप कमी येतं," कुतुबुद्दीनभाई नम्रपणे म्हणाले.

कोट मात्र देखणा झाला. दोन बटणांचा, मागे एक कट, आत पातळ अस्तर, बाहीवर तीन तीन निळी बटणं. गुरुजींनी घरात त्याची तालीम सुरू केली. कोट घालून खुर्चीत बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, सात पावलं चालायची. रोहिणीच्या हातून मानपत्र म्हणून गुंडाळलेलं कॅलेंडर घ्यायचं, नारळ घ्यायचा, किंचित वाकायचं आणि अदृश्य फोटोग्राफरकडे पाहून हसायचं. आठव्या दिवशी रोहिणी म्हणाली की नारळ आता आमटीला लागणार आहे, तेव्हा तालीम थांबली.

एक सप्टेंबरला पत्र आलं. अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलला आहे, नवी तारीख यथावकाश कळवली जाईल.

गुरुजींनी कोट कपाटात ठेवला. जव्हारच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या वस्तूचं काय होतं हे जव्हारात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. दसऱ्याला कपाट उघडलं तेव्हा निळ्या कोटावर पांढरी बुरशी आली होती. रोहिणीने ती ब्रशने झाडली, शेगडीवर मोठं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर कोट पसरून दोन दिवस ऊब दिली. बुरशी गेली, धुराचा वास आला. धुराचा वास जावा म्हणून वामनरावांनी डांबराच्या गोळ्या सुचवल्या. नंतर महिनाभर गुरुजी कोट घालून आरशासमोर उभे राहिले की शेजारच्या घरातलं मांजर उठून जाई.

नोव्हेंबर संपता संपता तिसरं पत्र आलं. कार्यक्रम बावीस डिसेंबरला, सायंकाळी सात वाजता, खुल्या पटांगणात. पोशाखाची ओळ शब्दशः तीच. फक्त आता ऋतू हिवाळा होता.

"पातळ अस्तरावर उघड्या पटांगणात?" वामनराव हादरले. "गुरुजी, दिल्लीला माझ्या डोळ्यांदेखत एक बँडवाला थंडीने कोसळला."

"ठाण्याला कसली आलीय थंडी?" रोहिणी म्हणाली.

"पण निघायचं जव्हारहून आहे," गुरुजी म्हणाले, आणि हा मुद्दा त्यांना इतका बिनतोड वाटला की ते लगेच कोट घेऊन निघालेसुद्धा.

कुतुबुद्दीनभाईंनी कोट उलटा करून पाहिला, हुंगला, आणि सभ्य माणूस असल्याने वासाबद्दल काही बोलले नाहीत. "जाड अस्तर घालू. खांद्याला पॅड भरू. नशीबवान आहात. माझ्याकडे नुकताच जुना अस्सल माल आलाय. असलं सॅटिन आता मुंबईतही मिळायचं नाही."

"जुना म्हणजे?"

"जुना म्हणजे अस्सल," कुतुबुद्दीनभाई म्हणाले. गुरुजींना हे उत्तर समाधानकारक वाटलं. त्यांच्या डोक्यात पटांगण होतं.

परत येताना ते अफजलच्या स्टुडिओत डोकावले. खुंटी रिकामी होती. अफजल एका नव्या कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि सदरा घातलेल्या एका माणसाच्या फोटोला पडद्यावर कोट चढवत होता.

"आता कोट ठेवायची गरज नाही, गुरुजी," तो म्हणाला. "यात बावीस कोट आहेत. टायसकट."

"आणि तो जुना?"

"काढून टाकला. जीव गेला होता त्याचा."

गुरुजींना मनातून बरं वाटलं. एका शत्रूचा निकाल लागला होता. घरी येऊन त्यांनी फोटोतल्या पितळी बटणाकडे प्रथमच थोड्या दयेने पाहिलं.

वीस डिसेंबरला पत्र आलं. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नाही. जानेवारीत आणखी एक आलं, निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्याने सत्कार करता येत नाही. आचारसंहितेचा आणि एकतीस पोरांच्या परीक्षेचा काय संबंध, हे विचारणारं सविस्तर पत्र गुरुजींनी लिहिलं. समितीने त्याची पोच पाठवली आणि पुढच्या पत्रव्यवहारात जावक क्रमांकाचा उल्लेख करावा अशी विनंती केली. तोवर थंडी होती आणि कोट उबदार होता, म्हणून गुरुजी तो सकाळी घरातल्या घरात घालू लागले. थंडीबरोबर रोहिणीचे डिंकाचे लाडूही होते. फेब्रुवारीत कोटाचं खालचं बटण लागेना. कुतुबुद्दीनभाईंनी शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड मोकळं केलं आणि यावेळी माप घ्यायला त्यांना चहासुद्धा पाजावा लागला नाही.

आणि मग एप्रिलमध्ये पुन्हा पत्र आलं. कार्यक्रम बारा मे रोजी, सकाळी अकराला, एका मंगल कार्यालयात. ऋतूस व प्रसंगास साजेशा.

"मे महिना!" वामनराव म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सल्ला नव्हता. दिल्लीला मे महिन्यात परेड नसते.

"आता तरी शर्ट," रोहिणी म्हणाली.

"अगं, हा कोट पावसाळ्यातून गेला, हिवाळ्यातून गेला. आता उन्हाळ्याला घाबरेल होय?" गुरुजी म्हणाले. अंगाचं सॅटिन उसवून काढलं. बाह्यांचं अस्तर तेवढं राहू दिलं, कारण त्याशिवाय हात सरकत नव्हता. खांद्याचे पॅडही राहिले. ते काढले की गुरुजी एकदम वयस्कर दिसत.

अकरा मेच्या संध्याकाळी गुरुजींनी स्वतः इस्त्री केली. दुसऱ्या कुणावर विश्वास टाकायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि इस्त्री कोळशाची होती. इस्त्रीचं टोक डाव्या बाहीवर जरा रेंगाळलं आणि मधलं बटण वितळून कापडावर पसरलं. रोहिणीने सुरीच्या टोकाने ते खरवडून काढलं. पहाटे साडेपाचला गुरुजी कुतुबुद्दीनभाईंच्या दारात होते. सव्वासहाची ठाणे गाडी होती.

"तुम्ही जा, अंघोळ करा, वहिनींना घेऊन स्टँडवर पोचा," कुतुबुद्दीनभाई म्हणाले. "कोट मी तिथे आणून देतो. काज रिकामं ठेवून मी कुणाला मंचावर पाठवणार नाही."

आणि दिलेल्या शब्दाला जागून, गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोट खिडकीतून आत दिला. गुरुजींनी तो ठाण्यापर्यंत मांडीवर आडवा धरला. मनोरला चहासुद्धा एका हाताने प्यायले.

मंगल कार्यालयाच्या दारात त्यांनी प्लॅस्टिक सोडलं, कोट चढवला, केस सारखे केले आणि तालमीतली सात पावलं टाकली. दारावरच्या स्वयंसेवकाने हात आडवा केला.

"बँडवाल्यांनी मागच्या दारानं."

"मी बँडवाला नाही," गुरुजी म्हणाले. "मी सत्कारमूर्ती आहे."

स्वयंसेवकाने त्यांच्या डाव्या बाहीकडे बोट केलं. गुरुजींनी मान खाली घातली आणि पाहिलं. दोन निळ्या बटणांच्या मधोमध ते पितळी बटण होतं. चौदा वर्षं रोज भिंतीवर पाहिलेलं. त्यावरचा मोराचा ठसासुद्धा त्यांना पाठ होता.

"रोहिणी," ते बाही तिच्यापुढे धरत म्हणाले.

रोहिणीने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

आत चाळीस सत्कारमूर्ती बसले होते. त्यांतल्या अडतीस जणांनी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातले होते आणि एकाने सफारी. कोट एकच होता. पंखे गरागरा फिरत होते आणि गरम हवा सगळ्यांना समान वाटत होते. गुरुजी घामाने भिजले होते, पण ती फिकीर नव्हती. फिकीर होती डाव्या हाताची. तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. त्यांनी शांतपणे आराखडा आखला. डावा हात पाठीमागे. मानपत्र उजव्या हाताने. फोटोत कोट समोरून संपूर्ण दिसेल, निळा, दोन बटणांचा, स्वतःच्या मापाचा. बाही दिसणार नाही. अजून काही बिघडलेलं नव्हतं.

नाव पुकारलं गेलं. गुरुजी उठले. डावा हात पाठीवर ठेवून, सैनिकी ऐटीत, सात पावलं चालून मंचावर गेले. समोर फोटोग्राफर गुडघा टेकून बसलेला. प्रमुख पाहुणे हसले, त्यांनी मागे हात केला, आणि मागून कुणीतरी त्यांच्या हातात शाल दिली.

गुरुजींनी स्वतःच्या हाताने आजवर पन्नासेक सत्कार घडवले असतील. केंद्रप्रमुखांचे, बदली झालेल्यांचे, निवृत्त झालेल्यांचे. प्रत्येक वेळी शाल तेच आणायचे, घडी तेच मोडायचे, खांद्यावर नीट बसवायचेही तेच. दहा महिने त्यांनी कापड, अस्तर, कट, पॅड, ऋतू, वेळ, पटांगण, सगळ्याचा विचार केला. वामनरावांनी केला, कुतुबुद्दीनभाईंनी केला. पण सत्कार म्हणजे शाल, आणि शाल म्हणजे कोटाचा शेवट, हे त्या अख्ख्या जव्हारात एकालाही सुचलं नव्हतं.

शाल मोठी होती. तपकिरी, जाड, हिवाळ्यातल्या कार्यक्रमासाठी घेऊन ठेवलेली. पाहुण्यांनी ती गुरुजींच्या खांद्यांवर टाकली आणि प्रेमाने समोर ओढून घेतली. निळा कोट कॉलरसकट नाहीसा झाला. मग पाहुण्यांनी मानपत्र पुढे केलं. गुरुजींनी उजव्या हाताने ते घेतलं. मग पाहुण्यांनी श्रीफळ पुढे केलं. गुरुजी थांबले. पाहुणेही थांबले. सभागृहही थांबलं. नारळ घ्यायला दुसरा हात बाहेर काढावाच लागला, आणि फ्लॅश नेमका तेव्हा पडला.

फोटो जूनच्या अखेरीस टपालाने आला, चांगला हातभर मोठा. त्यात पाहुणे होते, गुरुजींचा चेहरा होता, तपकिरी शाल होती, आणि शालीतून बाहेर आलेली कोटाची चार बोटं बाही होती. निळा रंग फोटोत काळा आला होता. बाहीवर मधोमध पितळी बटण लखलखत होतं, नारळापेक्षाही ठळक.

गुरुजी तडक कुतुबुद्दीनभाईंकडे गेले.

"डब्यात निळं बटण नव्हतं, गुरुजी," कुतुबुद्दीनभाई म्हणाले. "हे एकच साजेसं होतं. अफजलने कोट मला देऊन टाकला, तेव्हा मी बटणं काढून ठेवली. आणि कसलं बटण! जव्हारातली निम्मी लग्नं त्याने लावलीत."

गुरुजींच्या मनात हळूहळू एक शंका उगवली. "कुतुबभाई, आणि ते जुनं अस्सल सॅटिन?"

"त्याच कोटाचं."

"खांद्याचे पॅड?"

"त्याचेच. तीस वर्षं झाली, अजून दबले नाहीत. मी तुम्हाला साधा माल घालीन का?"

गुरुजी घरी आले, फोटो कपाटाच्या मागे उभा करून ठेवला आणि आता हा विषय संपला असं जाहीर केलं. रोहिणीने फोटो काढला, अफजलकडून चौकट करून आणली आणि लग्नाच्या फोटोशेजारी खिळा ठोकला.

"तिथे नको," गुरुजी म्हणाले. "लोक म्हणतील, भाड्याचा होता तो शेवटी विकत घेतला."

"म्हणू देत. माझ्या नवऱ्याचा सत्कार झाला आहे. मी कपाटामागे ठेवणार नाही," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज असा होता की गुरुजींनी मुकाट्याने खिळ्याची उंची बरोबर आहे का ते पाहिलं.

आठवड्याने बाजाराच्या दिवशी भिका आणि कमू आले. गुरुजींनी पाणी दिलं. भिकाने तांब्या घेतला, भिंतीकडे पाहिलं, आणि गुरुजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं वाक्य ठाऊक होतं. चौदा वर्षं ऐकलेलं.

"कमू," भिका म्हणाला, "हिकडं ये. बघ, आपला कोट ठाण्याला जाऊन आला."

कमू फोटोजवळ गेली. तिने एकदा लग्नाच्या फोटोतलं बटण पाहिलं, एकदा सत्काराच्या. "त्योच," ती म्हणाली. "आपल्या जोडीच्या फोटूतला. एवढा मोठा मानूस नारळ देतोय त्याला."

"मंग! यकतीस पोरांचा मान हाय त्यो," भिका म्हणाला. "पडवीचं लिवलं नाय त्यांनी. पन कोट त गेला आपला."

गुरुजींनी डोळे उघडले. हा कोट गडद निळा आहे, नवीन आहे, माझ्या मापाचा आहे, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. फोटो आल्यापासून पहिल्यांदा त्यांना तो बघावासा वाटला, आणि पाहताना छाती भरून आली. मंचावर त्यांना जे वाटायला हवं होतं ते त्यांना आता, स्वतःच्या ओसरीवर, भिकाच्या शेजारी उभं राहून वाटत होतं.

"हो," ते म्हणाले. "आपलाच."

"मंग आमच्या पोराचं, जिवाचं, लगीन हाय," भिका म्हणाला. "अफजलभाय बोलला, आता कोट कॉम्प्युटरमधी हाय. कॉम्प्युटर काय मांडवात घालनार? तुमी द्याल?"

गुरुजी ताठ झाले. वामनरावांना जमलं नसतं अशा अधिकाराने त्यांनी विचारलं, "लग्न कुठल्या महिन्यात?"

"माघात."

"म्हणजे थंडी. अंगाचं सॅटिन परत लावून घेतो. सकाळी का संध्याकाळी?"

"सांजचं."

"मांडव उघड्यावर?"

"उघड्यावरच."

"पॅड आहेतच. पोट किती आहे जिवाचं? राहू दे, त्याला कुतुबभाईंकडे पाठव, ते चहा पाजतील." गुरुजी फोटोकडे वळले, तपकिरी शालीकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग भिकाच्या खांद्यावर हात ठेवला. "कोट खुशाल ने. फक्त एक अट आहे. मांडवात कितीही मोठा पाहुणा येऊ दे, फोटो निघेपर्यंत जिवाच्या अंगावर कुणाला शाल टाकू द्यायची नाही."